पोफळीच्या सावलीत नेच्यांची लागवड

कोकणातील माड-पोफळीच्या आगरात पाटाच्या कडेची, विहिरीभोवतालची व गडग्याच्या आडोशाची जागा बहुधा रिकामी राहते. सावली दाट आणि ओल कायम असल्याने तेथे भाजीपाला नीट येत नाही. अशा जागेत नेचे चांगले पोसतात. शोभेच्या कुंड्यांसाठी आणि पुष्परचनेतील हिरव्या पानांसाठी त्यांचा उपयोग होतो. मात्र पुष्कळदा ही रोपे रानातून उपटून आणली जातात. मुळे तुटल्याने त्यांतील बरीच मरतात आणि ओढ्याकाठही उघडे पडतात. राखीव वनातून विनापरवाना वनस्पती काढणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. म्हणून आपल्या आगरात असलेल्या रोपांपासूनच वाढ करावी.

जाती : हंसराजाचे देठ काळे व चकचकीत असतात. पानाचे टोक जमिनीला टेकले की तेथे नवे रोप तयार होते. नेफ्रोलेपिस धावत्या खोडांनी पसरतो व त्याची लांब पाने कापणीस सोयीची असतात. बाशिंग झाडाच्या खोडावर वाढते. ते जमिनीत लावू नये.

जमीन : पाणी धरणारी, परंतु न तुंबणारी जमीन हवी. कुंडीसाठी कुजलेला पातेरा २ भाग, जाडी रेती १ भाग आणि जांभ्याचे बारीक तुकडे १ भाग घ्यावेत. ताजे शेण वापरू नये.

लागवड : पाऊस स्थिरावल्यावर, जून-जुलैत, गड्ड्याचे मुळांसह तुकडे करून लावावेत. प्रत्येक तुकड्यावर एक तरी गुंडाळलेला कोंब असावा. कोंब मातीत गाडला गेल्यास कुजतो, म्हणून तो वरच ठेवावा. दोन रोपांत ३० सें.मी. अंतर ठेवावे.

निगा : पावसाळा संपताच पातेऱ्याचे आच्छादन द्यावे व ओल टिकवावी. दुपारचे थेट ऊन लागू देऊ नये. उन्हाळ्यात हंसराजाची पाने वाळतात. रोप मेले समजून उपटू नये, पावसात ते पुन्हा फुटते. गोगलगायी संध्याकाळी वेचून काढाव्यात.

ठिपके म्हणजे रोग नव्हे : पानाच्या पाठीवर ओळीने किंवा कडेने तपकिरी ठिपके दिसताच काही बागायतदार औषध फवारतात. हे ठिपके बहुधा बीजाणूंचे पुंजके असतात. त्यांची मांडणी सर्व पानांवर सारखी असते. खवले कीड मात्र वेडीवाकडी विखुरलेली असते, देठावरही दिसते व नखाने खरवडता येते. फवारणीपूर्वी ही खात्री करावी.

बीजाणूंपासून रोपे : पुंजके तपकिरी झाल्यावर पान कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवावे. खाली पडलेली भुकटी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करून थंड केलेल्या मिश्रणावर पातळ पसरावी, मातीने झाकू नये. वर काच ठेवून कुंडी सावलीत ठेवावी. काही आठवड्यांनी हिरवा थर व त्यात बदामाच्या आकाराचे इवलेसे पापुद्रे दिसतात. ते शेवाळ समजून फेकू नयेत. त्यांवर पाण्याचा ओलावा राहिला तरच फलन होऊन खरे रोप निघते.

एका आगरातील चार गड्डे दरवर्षी विभागत गेल्यास रानाला हात न लावता थोड्याच वर्षांत पाटाची कड भरून निघेल.