नाडीखालचा चट्टा

परकराची नाडी बसते तिथे काळपट, खरखरीत पट्टा असणं आपल्याकडच्या बायकांना नवं नाही. माझ्या पट्ट्याच्या एका कडेला मात्र खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची, आणि खाली ओलसर लालसर दिसायचं. कुणी खोबरेल लावायला सांगितलं, कुणी नाडी सैल बांधायला. जवळच्या दवाखान्यातून नायट्याचं मलम मिळालं. मला आईची किडनी बसवली आहे आणि ती टिकावी म्हणून मी रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेते, हे तिथे कुणी विचारलं नाही.

बायोप्सीत निघाला स्क्वेमस सेल कार्सिनोमा, त्वचेचा एक कर्करोग. लवकर सापडला, म्हणून कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसकट कापून काढण्यावर भागलं.

त्वचेचा कर्करोग म्हणजे गोऱ्यांचा, उन्हाचा आजार, असं आपण धरून चालतो. ते अर्धं खरं आहे. गोऱ्या ट्रान्सप्लांट रुग्णांत हा स्क्वेमस सेल कर्करोग इतरांच्या ६५ ते १०० पट आढळतो आणि सावळा रंग उन्हापासून बराच वाचवतो. पण घासून घासून चिघळलेली जागा, भाजल्याचा जुना व्रण, जांघेतले चामखीळ यांना उन्हाची गरज नसते. धोतराच्या काचामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच लिहिलं होतं. बिघडलेल्या पेशी हुडकणारा शरीराचा पहारा गोळ्यांनी ढिला पडला, की अशा जागांचं जास्तच फावतं.

म्हणून घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. किडनी जाईल. फेरफार करायचा तो नेफ्रॉलॉजिस्टनेच. काहींना ते सिरोलिमस या दुसऱ्या गोळीवर नेतात. ट्रान्सप्लांट नसलं तरी ल्युपससाठी अ‍ॅझाथायोप्रिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही हे वाचावं. त्या गोळीने कातडी अल्ट्राव्हायोलेट-ए किरणांना हळवी होते, आणि ते किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. सनस्क्रीन, लांब बाह्या आपल्यालाही लागतात.

महिन्यातून एकदा दिवसाउजेडी अंगभर पाहा. पाठ घरच्यांकडून पाहून घ्या. महिनाभरात न भरणारी जखम, हाताला कडक लागणारी खपली, सहज रक्त येणारा चट्टा दिसला, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा आणि पहिल्याच वाक्यात गोळ्यांची नावं सांगा. जाताना सैल कपडे घाला. पदर सरकवून ‘एवढंच बघा’ म्हणू नका, सगळं अंग तपासू द्या. बाई डॉक्टर हव्या असतील तर नंबर लावतानाच तसं सांगून ठेवावं.