वेग वाढेना तेव्हा : ग्राफिक्स कार्ड आणि वॅटचा हिशेब

आपल्या महाविद्यालयातील अनेक मित्रांकडे आता गेमिंग लॅपटॉप आहेत. कोणी त्यावर खेळतो, कोणी स्नेहसंमेलनाची चित्रफीत जोडतो, भूगोलाचे विद्यार्थी नकाशे तयार करतात. या लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड आणखी पळवावे असा मोह पुढेमागे प्रत्येकाला होतो. चिपला कारखान्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालवणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मलाही तो मोह झाला. त्यात माझी चूक कशी झाली व ती कशी सापडली, हे येथे अभ्यास म्हणून मांडतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

मे महिन्यातील गोष्ट. जुळे सोलापुरातील आमच्या घरी बसून मी आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून कार्डाची गती १०० मेगाहर्ट्झने वाढवली. खेळ सुरू झाला की काही सेकंद चित्र सुरेख हलायचे, मग गती आपोआप खाली यायची. मी आकडा १५० केला, तोच प्रकार. १८० केल्यावर तर पडदाच काळा झाला. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला आणि सात हप्ते अजून बाकी. माझ्या पोटात गोळा आला.

वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. सारा प्रकार ऐकून ते म्हणाले, "मागाची मोटार सारखी ट्रिप व्हायला लागली की नवशिका रिलेचा आकडा वाढवतो, आणि मोटार जाळून बसतो. जाणता माणूस आधी माग कुठं जड चाललाय ते बघतो." त्यांना ग्राफिक्स कार्ड ठाऊक नाही; पण माझ्या प्रश्नाची किल्ली त्यांच्याच बोलण्यात होती.

आता यामागचे तत्त्व पाहू. चिप चालताना जी वीज खाते ती गतीच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती वाढवायची तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. म्हणून थोड्या वेगासाठी विजेचा खर्च फार होतो. १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की, ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तसा दाबही कमी करता येतो, आणि तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही वीज तेवढीच लागते. २००५ च्या सुमारास हा हिशेब मोडला. दाब पूर्वीसारखा उतरेना. तेव्हापासून वेगाला वॅटचे कुंपण पडले आहे.

लॅपटॉपमध्ये हे कुंपण अधिकच जवळ असते. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०५० या लॅपटॉप चिपला ३५ ते ८० वॅट अशी कक्षा दिलेली आहे. त्यांतील नेमका आकडा लॅपटॉप बनवणारा ठरवतो. म्हणून एकाच नावाची चिप दोन लॅपटॉपांत वेगवेगळी धावते. माझ्या लॅपटॉपमध्ये हा आकडा ६० आहे. कार्ड त्या आकड्याला टेकले की स्वतःहून गती उतरवते. हा बिघाड नव्हे. ही त्याची रिलेच होय.

तेव्हा पहिले काम, कार्ड नेमके कशाला अडले ते पाहणे. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम ते कारण दाखवतो : वीज, उष्णता की दाब. खेळ चालू ठेवून पाहिले तर माझे कारण 'वीज' असे आले. पण वॅट ६० नव्हे, ३५ च्या आसपासच होते! मग दुसरे काम, वीज येते कोठून ते पाहणे. माझ्या मूळ अडॅप्टरची वायर उंदराने कुरतडली होती, म्हणून मी भावाच्या साध्या लॅपटॉपचा अडॅप्टर लावत होतो. पीन बसली, दिवा लागला, म्हणजे झाले, असे वाटले होते. मागचा छापील आकडा वाचला : ९० वॅट. मूळ अडॅप्टर १५० वॅटचा. एवढ्यात प्रोसेसर, पडदा आणि कार्ड तिघांचे भागेना, म्हणून लॅपटॉप कार्डाचा वाटा कापत होता. योग्य व्होल्ट व वॅटचा अडॅप्टर आणल्यावर कार्ड ६० वर पोचले. निव्वळ बॅटरीवर खेळतानाही अशीच कपात होते.

तिसरे काम उष्णतेचे. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. पंखा तीच हवा आत ओढतो. जाळीतील धूळ काढावी, लॅपटॉप चादरीवर ठेवू नये, मागची बाजू किंचित उचलावी. बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर व कार्ड यांच्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात. एक तापला की दुसऱ्याला झळ लागते.

हे सारे झाल्यावर उरते ती खरी मर्यादा. तेथे गती चढवण्यापेक्षा दाब उतरवणे शहाणपणाचे. समजा, त्याच गतीला दाब १ व्होल्टवरून ०.८५ वर आणला, ०.८५ चा वर्ग सुमारे ०.७२, म्हणजे तेवढ्या कामाला वीज सुमारे २८ टक्के कमी. वाचलेल्या विजेत कार्ड वरची गती टिकवून धरते. आफ्टरबर्नरमधील आलेखावरून हे करता येते. प्रत्येक चिप वेगळी असल्याने २५-२५ मिलिव्होल्टनेच उतरावे आणि दर टप्प्याला अर्धा तास खेळून पाहावे. चित्र फुटले वा पडदा काळा झाला तर एक टप्पा मागे यावे. लॅपटॉप सुरू होताच बदल लागू व्हावा, ही खूण मात्र पूर्ण खात्री होईपर्यंत करू नये. म्हणजे बिघडलेला प्रयोग पुन्हा सुरू करताच पुसला जातो. माझाही काळा पडदा असाच परत उजळला होता.

काही जण दुसऱ्या लॅपटॉपचे बायॉस चढवून वॅटचा आकडाच वाढवतात. पण अडॅप्टर, नळ्या व पंखा मूळच्या आकड्यासाठी बनलेले असतात. हा रिलेचा आकडा वाढवण्याचाच प्रकार झाला.

आज माझे कार्ड कारखान्याच्या गतीपेक्षा फारसे पुढे नाही. पण मिळालेली गती ते तासभर टिकवते. हप्तेही वेळेवर जात आहेत. यंत्र थांबते तेव्हा त्याला ढकलण्याआधी ते का थांबले हे विचारावे, एवढा धडा मी या उन्हाळ्यात शिकलो. तो मला आमच्या घरातच मिळाला, याचा मला अभिमान वाटतो.