फोर्ट्रानची कवायत

दिवाळीच्या सुट्टीत बंगळुरूला कोरमंगलात मामाकडे गेलो होतो. तिथे आजोबांच्या कपाटात प्रा. व्ही. राजारामन यांचे फोर्ट्रान ७७ चे पुस्तक सापडले. सरांनी आधी आयआयटी कानपूरमध्ये आणि पुढे बंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत शिकवले.

फोर्ट्रान ही संगणकाची भाषा आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली आणली. हवामानाचा अंदाज बांधणारे अनेक प्रोग्रॅम आजही तिच्यात आहेत.

मी इंटरनेटवरचा धडा पाहून प्रोग्रॅम लिहिला आणि ७७ च्या पद्धतीने चालवला. चुकाच चुका! आजोबा म्हणाले, "अरे, धडा कोणत्या सालच्या भाषेचा आहे ते आधी बघ." धडा फोर्ट्रान ९० चा होता. त्यात ओळ कुठूनही सुरू करता येते. ७७ मध्ये मात्र कवायतीची शिस्त: पहिले पाच रकाने क्रमांकाचे, सहावा आधीची ओळ पुढे चालवण्याचा, आज्ञा सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत.

मग ७० आणि ७५ गुणांची सरासरी काढली. २.० ने भागूनही उत्तर आले ७२! आमच्याकडे अर्ध्या गुणाने ट्रॉफी जाते. हा अर्धा गेला कुठे? पुस्तकात कारण मिळाले. वेगळे काही सांगितले नाही, तर 'आय' ते 'एन' या अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांकाचे धरले जाते. माझे नाव होते 'मीन'. ते बदलून 'ए'ने सुरू होणारे ठेवले, आणि ७२.५ आले.

मित्रांनो, जुनी भाषा जरूर शिका. फक्त पुस्तक उघडताना आधी त्याचे साल पाहा.