लोकल सुटली ती सुटलीच?

प्रश्न : कोरोनाआधी डोंबिवलीहून रोज लोकलने दादरला जायचो. बंदीच्या काळात स्कूटर घेतली, ती आजही सुटत नाही. हा आळस का?

उत्तर : आळस नाही. रोजचा प्रवास आपण विचार करून निवडत नाही; पाय आपोआप फलाटाकडे वळतात. 2020च्या मार्चमध्ये लोकल थांबली आणि ही सवय तुटली. जूनमध्ये लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली. 15 ऑगस्ट 2021 रोजी दोन डोस घेतलेल्यांना पास मिळू लागला, पण तोवर तुमच्यासारख्यांचा हात हँडलवर बसला होता. लंडनमध्ये 2014च्या भुयारी रेल्वेच्या संपात असंच दिसलं. नाइलाजाने नवा मार्ग धरलेल्यांपैकी काही जण संप मिटल्यावरही त्याच मार्गावर राहिले. तो संप जेमतेम दोन दिवसांचा. तुमचं तर वर्ष उलटलं!

तरीही महिन्याचं पेट्रोल, देखभाल आणि पार्किंग एकदा पासशेजारी मांडून पाहा. कंबरेचा हिशेब वेगळा. गर्दीची धास्ती असेल तर एकदम 8.12च्या जलदला लटकू नका. आठवड्यातून दोनदा, साडेदहानंतरची धीमी धरून पाहा. पावसाळ्यात मात्र स्कूटर घरीच बरी.