कथा एआयकडून तपासून घ्यायची, तर खर्च किती?

दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर ती पावसाळ्यातच तयार हवी. मालेगावात कॅम्पात किंवा सोयगावात बसून लिहिणाऱ्याला दरवर्षी प्रश्न पडतो, की पाठवण्याआधी ती दाखवायची कुणाला? संपादक बहुतेक पुण्या-मुंबईचे. म्हणून आता पुष्कळ जण कथा चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉडपुढे ठेवतात. जरूर ठेवावी. फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही, हे आधी ठरवावं.

पहिला खर्च टायपिंगचा. वहीतली कथा डीटीपीवाल्याकडे दिली आणि पानाला, समजा, २५ रुपये ठरले, तर १६ पानांचे ४०० होतात. काम देतानाच ‘युनिकोडमध्ये हवं’ असं कागदावर लिहून द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर एआयच्या चौकटीत चिकटवला, की देवनागरीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हंच उमटतात. ४०० रुपये पाण्यात. जुनी फाइल कन्व्हर्टरने बदलता येते, पण नंतर जोडाक्षरं एकेक करून पाहावी लागतात. स्वतः करायचं असेल तर फोनवरच्या जीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप करणं फुकट आहे. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने घालावी लागतील.

आता वर्गणी. चॅटजीपीटीची ‘गो’ योजना भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांना आली; ‘प्लस’ तेव्हा १,९९९ रुपयांना होती. क्लॉडची ‘प्रो’ योजना तेव्हा महिना २० डॉलरची होती, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३.६० डॉलर, रुपयांत दोन हजारांच्या आसपास. हे आकडे बदलत राहतात, पैसे भरण्याच्या दिवशीचा दर पाहा. त्याच वर्षी चॅटजीपीटीने ‘गो’ वर्षभर मोफत देऊ केली आणि जिओने आपल्या ग्राहकांना जेमिनीची सशुल्क योजना १८ महिने मोफत दिली. घरातल्या एखाद्या फोनवर यातलं काही आधीच चालू आहे का, ते पाहून मगच पाकीट उघडा. ग्रामरली आणि प्रोरायटिंगएड मराठी तपासत नाहीत; मराठी कथेसाठी त्यांवर एक रुपयाही घालू नका.

तीन-चार हजार शब्दांच्या एका कथेसाठी, माझ्या मते, वर्गणीची गरजच नाही. मोफत खातं पुरतं. मर्यादा लवकर संपते हे खरं, कारण ही साधनं मजकूर तुकडे पाडून मोजतात आणि तेवढ्याच मजकुराचे देवनागरीत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे होतात. तेव्हा कथा दोन बैठकांत तपासा. कादंबरी असेल तर एकच महिना पैसे भरा, तेही हस्तलिखित पूर्ण झाल्यावर. ते अर्धवट असताना भरलेली वर्गणी निम्मी वाया जाते.

खरी काळजी पुढे घ्यायची आहे. मालेगाव, बागलाण, कळवण या पट्ट्यातल्या कथेत माणसं अहिराणी बोलणार. ‘कथा सुधारून दे’ एवढंच सांगितलं, की यंत्र ‘माले’चं ‘मला’ करतं, ‘शे’चं ‘आहे’ करतं आणि म्हातारी आजी शाळेतल्या बाईंसारखी बोलू लागते. यंत्रमागावरची कथा असेल तर कांडी, बीम, सायझिंग या शब्दांचे अर्थ आधीच देऊन ठेवा, नाहीतर ते भलत्या अर्थाने घेतले जातात. पहिल्याच ओळीत बजावा : एकही वाक्य बदलू नकोस, नवं लिहू नकोस, फक्त वाचून सांग.

मग नेमकं विचारा. घटना काळाच्या क्रमाने मांड. कोणत्या पात्राला कोणती गोष्ट ठाऊक आहे आणि ती त्याला कुठून कळली? कोणत्या परिच्छेदात कथा थांबते? प्रत्येक मुद्द्यासोबत माझं मूळ वाक्य दे. उत्तरात आलेलं वाक्य तुमच्या कथेत खरोखर आहे का, ते शोधून पाहा. ही साधनं नसलेली वाक्यंही तुमच्या नावावर टाकतात. पहिल्या पानावर श्रावण आणि सातव्यावर उन्हाची काहिली, विधवा काकूच्या गळ्यात नंतर मंगळसूत्र, असल्या चुका पकडायला यंत्र खरंच उपयोगी पडतं. ऱ्हस्व-दीर्घावर मात्र त्याचा भरवसा धरू नका. त्यासाठी अरुण फडके यांचं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ जवळ असू द्या.

कौतुक तर यंत्र हमखास करतं. नवी खिडकी उघडून ‘ही दुसऱ्या कुणाची कथा आहे, मला छापायची नाही, कारणं सांग’ असं विचारलं, की सूर बदलतो. पण कथा चांगली आहे का, हा निर्णय त्याच्यावर सोपवू नका. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रव्यवहार करत, कथा परत पाठवत, पुन्हा लिहून घेत. त्यामागे माणसाचं वाचन आणि आस्था होती. ती कोणत्याही वर्गणीत मिळत नाही. म्हणून वाचलेल्या पैशांतून कथेच्या दोन छापील प्रती काढा. एक अहिराणी घरात वाढलेल्या माणसाला द्या, दुसरी वाचनालयातल्या चोखंदळ वाचकाला. त्यांना मोठ्याने वाचायला सांगा आणि ते कुठे अडखळतात ते टिपा. व्यावसायिक संपादक नेमायचा असेल, तर दर शब्दाला की पानाला, आणि दुसरी फेरी त्यातच धरली आहे का, हे लेखी घ्या.

यंत्राने लिहिलेली वाक्यं आपली म्हणून पाठवू नका. अशा कथांचा लोंढा आल्यामुळे अमेरिकेतल्या ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथा-मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणंच काही काळ थांबवावं लागलं. त्या दारात प्रामाणिक नवोदितही अडकले.

एआयमध्ये कथा टाकण्यापूर्वी सेटिंगमध्ये (चॅटजीपीटीत ‘डेटा कंट्रोल्स’खाली) जाऊन तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करा. शेजारपाजारची खरी नावंही बदला. वर्गणी यूपीआय किंवा कार्डावर भरली असेल, तर पुढचा हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती पुसून टाकू नका, मोफत योजनेची मुदत संपतानाही. रद्द करायचं तर ॲप काढून टाकणं पुरत नाही, वर्गणी आणि ऑटोपे दोन्ही बंद करा. त्यानंतरही पैसे कापले गेले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा.