स्थानकांची नावे ल्यालेली पात्रे : परिसर अभ्यासाच्या एका पाठाची सामग्री

जपानमध्ये सन २०१४ पासून मोबाइलवरील एक खेळ चालू आहे. त्याचे नाव ‘एकीमेमो’. ‘एकी’ म्हणजे रेल्वे स्टेशन, आणि ‘मेमो’ हा ‘मेमरीज’ म्हणजे आठवणी या इंग्रजी शब्दाचा संक्षेप होय. खेळणारा मनुष्य ज्या ठिकाणी उभा असेल तेथून सर्वांत जवळचे स्टेशन मोबाइल उपग्रहांच्या साह्याने ओळखतो आणि त्या स्टेशनाची नोंद खेळणाऱ्याच्या खात्यावर होते. देशभरातील नऊ हजारांहून अधिक स्टेशने या खेळात आहेत. खेळणाऱ्यासोबत ‘देन्को’ नावाची चित्रपात्रे प्रवास करतात. ही पात्रे खऱ्या आगगाड्यांवरून कल्पिलेली आहेत. प्रत्यक्ष डब्यांचे रंग व घडण यांची छाया त्यांच्या पोषाखात दिसते.

स्टेशनास किंवा गाडीस मनुष्यरूप देण्याची ही कल्पना या खेळानेच प्रथम काढली असे मात्र नाही. तोमीतेक या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने सन २००५ मध्ये ‘तेत्सुदो मुसुमे’, म्हणजे ‘रेल्वेच्या कन्या’, ही बाहुल्यांची मालिका काढली. निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांच्या गणवेशातील कर्मचारी स्त्रिया असे या पात्रांचे स्वरूप आहे. त्यांची नावे बहुधा त्या त्या कंपनीच्या मार्गावरील स्टेशनांवरून घेतलेली असतात. (सर्व पात्रे तरुण स्त्रियांचीच का, एखादा वृद्ध स्टेशनमास्तर का नाही, हा प्रश्न वर्गातील एखादी चौकस मुलगी विचारील. तो टाळू नये. विक्रीच्या हिशेबाने घेतलेला तो निर्णय आहे, असे सरळ सांगावे.) शिक्षकांच्या दृष्टीने चित्रापेक्षा नाव महत्त्वाचे आहे. चेहरा कोणाही चित्रकारास काढता येतो. नावामागे मात्र गाव असते, नदी असते, आणि कित्येकदा त्या गावाची अडचणही असते.

या मालिकेतील ‘तोकावा त्सुकुशी’ हे पात्र उदाहरणासाठी घेणे सोयीचे आहे. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते. तोकावा हे आडनाव म्हणजे चोशी विद्युत रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाचे नाव होय. जपानच्या नकाशावर तोक्योच्या पूर्वेस, तोने नदी जेथे समुद्रास मिळते तेथे चोशी शहर सापडेल. ही नदी ३२२ किलोमीटर लांब असून लांबीच्या मानाने त्या देशात दुसरी आहे. चोशी हे मोठे मासेमारी बंदर आहे आणि तेथे सोयाबीनचा खारट रस, म्हणजे सोया सॉस, तयार करण्याचा धंदा सतराव्या शतकापासून चालत आलेला आहे. जवळच्या इनुबो भूशिरावर सन १८७४ मध्ये उभारलेला दीपस्तंभ आहे.

चोशी ते तोकावा हे अंतर अवघे ६.४ किलोमीटर. त्यात दहा स्टेशने! आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावापासून शेजारच्या मोठ्या गावापर्यंत सायकलने जावे, एवढाच हा रेल्वेमार्ग. या भूमीवर सन १९१३ मध्ये प्रथम एक रेल्वे झाली होती. परंतु पहिल्या महायुद्धात लोखंडाचे भाव चढले तेव्हा तिचे रूळ उखडून विकण्यात आले आणि सन १९१७ मध्ये ती बंद पडली. सन १९२३ मध्ये त्याच वाटेवर पुन्हा रूळ पडले व चालू रेल्वे सुरू झाली. तोकावा येथील लाकडी स्टेशनघर त्या वेळचेच आहे. ज्यांना जुन्या वास्तूंचे मोल कळते त्यांना त्या लहानशा घराचे छायाचित्र दाखविल्यास पुष्कळ बोलता येईल.

लहान रेल्वेचे हिशेब मात्र कधीच सोपे नसतात. गावातील माणसे कमी झाली, घरोघरी मोटारी आल्या, आणि तिकिटांचे उत्पन्न घटत गेले. या कंपनीने सन १९९५ पासून जोडधंदा म्हणून ‘नुरे-सेंबेई’ विकण्यास आरंभ केला होता. सेंबेई ही तांदळाची भाजलेली चकती. ती भाजताच सोयाच्या रसात बुडविली म्हणजे कुरकुरीत न राहता मऊ व ओलसर होते. तिला नुरे-सेंबेई म्हणतात. सन २००६ च्या नोव्हेंबरात, गाड्यांच्या कायदेशीर तपासणीस लागणारा पैसा कंपनीजवळ उरला नाही, तेव्हा कर्मचाऱ्यांनी उघड विनंती केली : आमच्या चकत्या विकत घ्या, आम्हांला गाडीच्या दुरुस्तीचा खर्च मिळवावयाचा आहे. ही विनंती देशभर पसरली, मागण्यांचा पूर आला, आणि गाड्या धावत राहिल्या. पुढे चकत्यांचे उत्पन्न तिकिटांच्या उत्पन्नाहून अधिक झाले. सन २०१८ मध्ये याच कंपनीने ‘माझुई-बो’ नावाचा खाऊ काढला. ‘माझुई’ याचा अर्थ ‘बेचव’ असाही होतो आणि ‘अवस्था बिकट’ असाही होतो. स्वतःच्या दारिद्र्यावर केलेला हा विनोद जपानी लोकांस फार आवडला.

सन २०१५ मध्ये स्टेशनांच्या टोपणनावांचे हक्क विकण्याची युक्तीही कंपनीने केली. एका स्टेशनाचे नाव ‘कासागामी-कुरोहाए’ असे आहे. केसांच्या निगेची वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याने त्याचे टोपणनाव ‘कामिनोके-कुरोहाए’ असे करविले. त्याचा अर्थ ‘डोक्यावर काळे केस उगवोत’ असा काहीसा लागतो. तोकावा स्टेशनास ‘अरिगातो’, म्हणजे ‘आभार’, हे टोपणनाव मिळाले. मूळ नावे कायम राहिली व टोपणनावे पाट्यांवर चढली. गावाचे नाव अशा रीतीने भाड्याने द्यावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु ज्या रेल्वेने तसे केले नसते तर तपासणीस पैसा कोठून येता, हाही प्रश्न त्याच वेळी मुलांपुढे ठेवणे न्याय्य आहे. चौथी-पाचवीच्या मुलांस शब्दांची ही गंमत फार लवकर कळते. व्याकरणाच्या तासास श्लेष शिकविताना हेच उदाहरण चालेल.

‘तोकावा’ लिहिताना जी दोन जपानी चिन्हे वापरतात त्यांचा सुटा अर्थ ‘बाहेर’ व ‘नदी’ असा आहे. एवढ्यावरून ‘नदीबाहेरचे गाव’ अशी व्युत्पत्ती लावून मोकळे होऊ नये. गावांच्या नावांतील अक्षरे पुष्कळदा केवळ उच्चारासाठी योजलेली असतात. आपल्याकडेही ‘वाडी’, ‘खुर्द’, ‘बुद्रुक’ यांचे अर्थ निश्चित आहेत. त्यांच्या आधी येणाऱ्या शब्दाचे तसे नसते.

दुसरे उदाहरण उत्तर जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील सान्रिकु रेल्वेचे आहे. या रेल्वेच्या दोन पात्रांची आडनावे ‘कुजी’ व ‘कामाईशी’ अशी असून दोन्ही स्टेशनांची नावे आहेत. नकाशावर ही दोन स्टेशने दाखविली की पाठ आपोआप पुढे सरकतो. सन १९८४ मध्ये ही रेल्वे सुरू झाली तेव्हा तिचे दोन तुटक भाग होते. उत्तरेकडील भाग मियाको ते कुजी ७१ किलोमीटरांचा, आणि दक्षिणेकडील भाग साकारी ते कामाईशी ३६.६ किलोमीटरांचा होता. मधली ५५.४ किलोमीटरांची वाट दुसऱ्या कंपनीकडे होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंप होऊन समुद्राची प्रचंड लाट किनाऱ्यावर आली. पूल वाहून गेले, रूळ मुरगळले, शिमानोकोशी येथील स्टेशन नाहीसे झाले. तरीही १६ मार्च रोजी, म्हणजे अवघ्या पाच दिवसांनी, कुजीजवळच्या एका लहान टप्प्यावर गाडी पुन्हा सोडण्यात आली. दोन्ही भाग पूर्ववत् होण्यास एप्रिल २०१४ उजाडला. मधला टप्पाही दुरुस्त करून सन २०१९ च्या मार्चमध्ये सान्रिकु रेल्वेच्या हवाली झाला, आणि १६३ किलोमीटरांचा एकसंध मार्ग तयार झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वादळाने तो पुन्हा मोडला. मार्च २०२० मध्ये पुन्हा जोडला गेला. वरील तीन आकड्यांची बेरीज मुलांकडून करवून घ्यावी. ती बरोबर १६३ येते.

याच मार्गावर ‘कोइशिहामा’ नावाचे स्टेशन आहे. पूर्वी ते ज्या चिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थ ‘लहान दगडांचा किनारा’ असा होता. सन २००९ मध्ये उच्चार तोच ठेवून चिन्हे बदलण्यात आली, आणि अर्थ झाला ‘जिवलगाची ओढ लावणारा किनारा’. प्रवासी तेथे शिंपल्यांवर मनातील इच्छा लिहून टांगू लागले.

एकीमेमो या खेळातील ‘सर्वांत जवळचे स्टेशन’ ही कल्पना गणितासही उपयोगी पडते. फळ्यावर तीन गावांचे ठिपके काढून, कोणत्या शेतातून कोणते गाव जवळ, हे मुलांनी दोरीने मोजावे. दोन ठिपक्यांना सारख्या अंतरावर असणाऱ्या जागा जोडल्या की एक सरळ रेषा मिळते. तीच त्या दोन गावांमधील सीमा. मोबाइल हेच काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करतो. येथे एक सावधगिरीही सांगणे अवश्य आहे. असा खेळ, तो खेळणारा मनुष्य कोठे आहे याची माहिती सतत घेत असतो. म्हणून वडीलधाऱ्यांच्या अनुज्ञेवाचून मुलांनी तो मोबाइलवर घेऊ नये, आणि खेळाच्या नादाने रुळांजवळ तर मुळीच जाऊ नये. हा पाठ देण्यासाठी शाळेत मोबाइलची गरजही नाही. नकाशा, दोरी व खडू एवढे साहित्य पुरे.

कृतिपाठ असा घ्यावा. प्रत्येक मुलाने जवळच्या एका स्टेशनाची माहिती घरच्या वडील माणसांकडून मिळवावी : मार्ग कोठून कोठे जातो, स्टेशनात पूर्वी कोणता माल चढे, आता कोण उतरते, पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची किती लिहिली आहे. नेरळ-माथेरान मार्गावर ‘वॉटर पाइप’ नावाचे स्टेशन आहे. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्टेशन सन २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. अशा नावांनी आरंभ केल्यास मुले आपली उदाहरणे स्वतः शोधतात. मग त्या स्टेशनाचे एक पात्र कल्पावे. त्याचे वय स्टेशनाइतके असावे, अंगावरील वस्त्र तेथील पिकाचे किंवा धंद्याचे असावे, आणि त्याच्या तोंडी त्या गावची बोली असावी. चित्र सुंदर आहे की नाही यास गुण देऊ नयेत. पात्राच्या प्रत्येक वस्तूचे कारण मुलास सांगता आले तर गुण द्यावेत. एखादे स्टेशन बंद झालेले असेल तर तेही चालेल. त्या पात्राचे वय मात्र कोठे थांबवावयाचे ते मुलांनी आपसांत ठरवावे.

पुष्कळ गावांस रेल्वे नाही. तेथील मुलांनी एस.टी.चा थांबा घ्यावा, आणि शेवटची गाडी किती वाजता येते ते प्रथम लिहावे.