केसांची पुडी

फणीत आलेला केसांचा पुंजका मी कागदात गुंडाळून नेला होता. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी लागलेल्या अझाथायोप्रिन गोळीचा तिसरा आठवडा होता. सुरतेच्या डॉक्टरांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. "बायकांचे केस गळतातच. महिन्यानं या." कडोदऱ्याला परत येईपर्यंत मलाच वाटू लागलं, आपण उगाच बाऊ करतोय.

पाचव्या दिवशी तोंड आलं, भाकरीचा घास चावेना. रात्री ताप चढला. चार रस्त्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणून दोन दिवस काढले. रात्रपाळी करून मिलमधून आलेल्या मिस्टरांनी अंगाला हात लावला आणि मला तशीच रिक्षात घातली. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "ही गोळी लागल्यापासून सीबीसी कधी केलं?" रक्तपेशी मोजायची ही तपासणी एकदाही नाही. कुणी सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी ९००. हव्यात निदान ४०००.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आपल्याच पांढऱ्या पेशी मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उठतात. ही गोळी त्यांना आवरते, पण जंतूंशी लढायलाही त्याच लागतात. एनयूडीटी-१५ या जनुकात फरक असेल तर नेहमीचा डोसही उलटतो. हा फरक आशियाई लोकांत जास्त आढळतो, असं कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्येच दाखवलंय. आणि सुरुवातीलाच भराभर केस जाणं ही त्याचीच खूण. म्हणजे उत्तर माझ्या पुडीत होतं!

बरी झाल्यावर रिपोर्ट घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेले. "एखाद्याला होतं असं," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ती एखादी समोर बसली होती.

म्हणून सांगते. गोळी सुरू करण्याआधी एनयूडीटी-१५ची तपासणी मागा. रक्तावर होते, एकदाच करायची. सीबीसी पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरवड्यानं, पुढे दर तीन महिन्यांनी; आकडे वहीत लिहा. ताप आला, तोंड आलं, तर त्याच दिवशी रक्त द्या. युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल घेत असाल तर आधी सांगा, दोन्ही एकत्र आली की पेशी कोसळतात. मनानं गोळी सोडूही नका. शेजारणी 'इम्युनिटी'साठी गुळवेलीचा काढा देतील, तो नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय. वेळेवर जेवा, झोपा.

आणि जो डॉक्टर तुमची पुडी उघडून बघत नाही, तो बदला. मी महिनाभर थांबले असते, तर हे लिहायला उरले नसते.